सुलक्षणाबाईंचा शेवटचा शब्द

एक

पोरांच्या लाडक्या लेखिका सुलक्षणा वेसावकर मरता मरता 'चरस' म्हणाल्या, आणि ते ऐकायला अख्खं ऑफिस हजर होतं.

झालं असं, की त्यांची मुलगी दिशा अंधेरीच्या एमआयडीसीत नोकरीला. दुपारच्या जेवणाला बसली असताना आईचा फोन आला. हात वरणभाताचा, म्हणून डाव्या हाताने तिने स्पीकर चालू केला. आधी नुसता श्वास ऐकू आला. मग सुलक्षणाबाईंचा आवाज, घोगरा पण स्पष्ट. "दिशा... चरस. चरस." आणि फोन बंद. टेबलाभोवतीच्या मैत्रिणींचे घास हातातच राहिले.

दिशा वर्सोव्याला आईच्या घरी पोचली तेव्हा सगळं आटोपलं होतं. सुलक्षणाबाई स्वयंपाकघरात पडलेल्या होत्या आणि ओट्याच्या ग्रॅनाइटच्या कडेला रक्त होतं. पाय घसरून पडल्या असं म्हणता आलं असतं, पण त्यांचा फोन बेसिनमध्ये पाण्यात बुडवलेला होता. डोकं फुटलेलं माणूस उठून स्वतःचा फोन बुडवत नाही.

इमारत जुनी, लिफ्ट नाही, आणि कॅमेरा बंद पडून इतके दिवस झाले होते की सोसायटीच्या मीटिंगमध्ये तो विषय आता कुणी काढतही नसे. पण पोलिसांना कॅमेऱ्याची गरजच पडली नाही. बाईंचा भाचा प्रज्योत त्याच घरात मागच्या खोलीत राहायचा. त्याच्या बॅगेत चरसची पुडी मिळाली. इन्स्पेक्टर कल्पिता राऊळ यांनी संध्याकाळच्या आत त्याला आत टाकला, आणि टीव्हीवाल्यांनी परीकथेच्या घरातला नशेचा राक्षस म्हणून त्याचा फोटो रात्रभर फिरवला.

एवढं सगळं इतकं नीट जुळलं, की त्या शब्दाकडे पुन्हा वळून बघायचं कुणाला सुचलं नाही.

दोन

वनमाला चुरी बोरिवलीत लग्नाआधीच्या चौकशा करायची. मुलगा पितो का, मुलीचं आधी कुठे जमलं होतं का, सासू खरंच पूजेतच असते का. लोक किती सहज खोटं बोलतात यावर तिचं घर चालायचं, त्यामुळे गोड बोलणाऱ्या माणसांचा तिला मनापासून कंटाळा होता. समोर येऊन बसलेली बाई गोड बोलत नव्हती, म्हणून वनमालाने तिला चहा विचारला.

ती नीलम. सुलक्षणाबाईंची धाकटी बहीण, प्रज्योतची आई. अंधेरीच्या बाजारात मासळी विकायची.

"माझा पोरगा ओढतो. मी खोटं नाय बोलणार," ती म्हणाली. "त्या दुपारी पण जुहूला वाळूत बसून ओढत होता, एकटाच. साक्ष कोण देणार? पण ताईवर हात टाकेल? तिच्यासमोर त्याची जीभ उचलत नव्हती."

"आता कसा आहे?"

"कान सुजलाय. ऐकू येत नाय त्या कानाने. काल बोलला, आई, मी कबूल होऊन जातो, मार तरी थांबेल." नीलमने पदराने तोंड पुसलं. "बाय, तो कबूल झाला ना, तर संपला. त्याच्या आधी काय ते कर."

वनमालाने घरी कोण कोण यायचं ते विचारलं. यादी लहान होती. मुलुंडचे प्रकाशक रामचंद्र सर. दिशा. तिचा नवरा विपुल, घाटकोपरला क्लास चालवतो. आणि त्यांची चार वर्षांची हेली. दिशा ऑफिसला, विपुल क्लासला, म्हणून हेलीला जन्मापासून आजीच सांभाळायची.

"त्या दिवशी पण पोर तिथेच होती?"

"नाय. सर्दी झाली म्हणून विपुलने घरी ठेवली, आणि तो पण घरीच होता म्हणे. ताईचं आणि त्याचं कधी पटलं नाय. जावयाला नावाने हाक मारली नाय तिने कधी. आले का सर, जेवले का सर. सगळं नाकातून."

"तुम्हाला बहिणीचं वाईट नाही वाटलं?"

"ती मेली तरी मला रडायला येत नाय. लहानपणी मी अंधाराला घाबरायची. तिने ते पुस्तकात टाकलं, माझ्या नावासकट. बाजारात गिऱ्हाइकं अजून विचारतात, नीलमताई, दिवा लावू का?"

तीन

मुलुंडच्या ऑफिसात शिपाई म्हणाला, सर आत आहेत. आतले सर म्हणजे प्रकाशक रामचंद्र. पांढरा शर्ट, आवाजात साय. वनमालाला पाहून ते म्हणाले, "चसाब, चसाब," आणि स्वतःच हसले. "बसा म्हटलं तुम्हाला. दर्यातळची भाषा. सवय झालीय."

सुलक्षणाबाईंची सगळी कारकीर्द भिंतीवर टांगलेली होती. दहिसरच्या शाळेत मास्तरीण असताना वर्गातल्या पोरांना गप्प बसवायला त्या गोष्ट सांगायला लागल्या, खाडीच्या तळाशी असलेल्या राज्याची. त्याचं 'दर्यातळ' हे पुस्तक झालं. मग पुस्तकामागून पुस्तक, शाळाशाळांतून कार्यक्रम, सहीसाठी रांगा. त्या राज्यातला राक्षस जगातल्या सगळ्या भाषा जाणतो, फक्त पोरांची एक भाषा ऐकली की त्याला घेरी येते. शब्दाचं पहिलं अक्षर उचलून शेवटी टाकायचं आणि रिकाम्या जागी च ठेवायचा. खाडी म्हणजे चडीखा. अख्ख्या महाराष्ट्राने शाळेत खेळलेला खेळ, पण बाईंनी तो आपल्या नावावर करून घेतला.

"मुलांवर प्रेम होतं त्यांचं?" वनमालाने विचारलं.

"मुलांना त्या एकच प्रश्न विचारायच्या. तुला कशाची भीती वाटते? पोरं भाबडी, खरं सांगायची. पुढच्या पुस्तकात ते यायचं, आणि नाव बदलायचा त्यांना कंटाळा." रामचंद्र सरांनी एक पुस्तक पुढे सरकवलं. मुखपृष्ठावर भिजलेल्या गादीवर बसलेली एक रडकी मुलगी होती. "ही ओली राजकन्या. सगळ्यात लोकप्रिय. दिशा अंथरूण ओलं करायची ना लहानपणी. शाळेत पोरं तिला ओली म्हणायला लागली, शेवटी शाळा बदलावी लागली. पण आवृत्त्या बघा."

हे सांगताना त्यांना जराही लाज वाटली नाही, आणि वनमालाला ते तेवढ्यापुरते आवडले. निदान लपवत तरी नव्हते.

"तुमचं भांडण झालं होतं त्यांच्याशी?"

"त्या इंग्रजीवाल्या मोठ्या प्रकाशकाकडे जाणार होत्या. झालं भांडण. त्या दुपारी मी इथे एकटा प्रुफं वाचत होतो, तेव्हा पुरावा नाही." त्यांनी खांदे उडवले. "शेवटचं पुस्तक मात्र मला दिलं. राक्षसाच्या किल्ल्यात जन्मलेल्या मुलीची गोष्ट. जन्मापासून तिच्याशी कुणी एकही शब्द सरळ बोललेला नाही. काय लिहिलंय बाईंनी! मी म्हटलं, कल्पना अफाट आहे. त्या म्हणाल्या, या वेळी कल्पना नाही सर, निरीक्षण आहे."

वनमाला उठता उठता थांबली. निरीक्षण कुणाचं, ते तिने विचारलं. रामचंद्र सरांनी पहिल्यांदाच नजर चुकवली आणि चहा मागवला.

चार

घाटकोपरच्या फ्लॅटमध्ये बेडरूमच्या दारावर एक कॅलेंडर लावलेलं होतं, पण माणसाच्या छातीएवढ्या उंचीवर. एवढ्या खाली कुणी कॅलेंडर लावत नाही. पंख्याच्या वाऱ्याने ते हललं तेव्हा मागचं भोक दिसलं, मुठीएवढं. वनमालाने पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं.

विपुल हडकुळा होता, डोळ्यांखाली काळं. "मी सासूबाईंचं एक पण पुस्तक वाचलं नाही, मॅडम. गुजराती मीडियम माझं. मराठी बोलतो फर्स्ट क्लास, पण ते च-बिच आपल्याला जमत नाही. त्या दिवशी मी दिवसभर इथेच होतो. हेलीला सर्दी होती. ना, दिशा?"

दिशाने मान हलवली. तिचा चेहरा धुतलेल्या पाटीसारखा कोरा होता.

हेली जमिनीवर खेळत होती. एक बाहुली तिने सोफ्याच्या कडेवर उभी केली, बोटाने खाली पाडली आणि म्हणाली, "चजीआ चडलीप." बाहुली पुन्हा उभी केली, पुन्हा पाडली. "चजीआ चडलीप."

"असंच काहीतरी बडबडते," विपुल म्हणाला. "उशीर आहे बोलायला. शाळेने घेतलं नाही. डॉक्टर झाले, थेरपी झाली. चार वर्षांची पोरगी, मॅडम, मला अजून पप्पा म्हणाली नाही." बोलताना त्याचा आवाज फाटला, आणि ते मात्र खरं होतं. खोट्याचा आवाज असा फाटत नाही, हे वनमालाला धंद्याने शिकवलं होतं.

"हेली, आत जा," दिशा म्हणाली. हेली हलली नाही.

"आईंची ती भाषा तुम्हाला येत असेलच," वनमालाने दिशाला विचारलं.

"केव्हाच विसरले. मला त्या पुस्तकांचा तिटकारा आहे. त्या दिवशी आई काय बोलली ते माझ्या मैत्रिणींनी पण ऐकलं. चरस. मी पोलिसांना जसंच्या तसं सांगितलं. प्रज्योत असा निघेल असं मला पण वाटलं नव्हतं."

"चणीपा," हेली म्हणाली.

दिशाने बोलता बोलता टेबलावरचा पेला उचलून लेकीच्या हातात दिला आणि पुढे प्रज्योतबद्दल बोलत राहिली.

पाच

घाटकोपरच्या मेट्रोखाली वनमालाने टपरीवर पाणी मागितलं. टपरीवाल्याने विचारलं, "पाणी थंड का साधं?" आणि पाणी हा शब्द तिच्या डोक्यात आपला आपण उलटा झाला. चणीपा. पोरगी बडबडत नव्हती, पोरगी पाणी मागत होती. आणि सगळं विसरलेल्या आईने ते दिलं होतं.

मग तिला बाहुली आठवली. चजीआ चडलीप. आजी पडली.

आणि मग तिला चरस आठवलं. वनमालाने च काढला, शेवटचं अक्षर उचलून पुढे आणलं आणि बाटली टपरीवरच विसरून पोलीस ठाणं गाठलं.

इन्स्पेक्टर राऊळ यांनी ऐकून घेतलं, पण वरवर. "आता मला शाळेतले खेळ शिकवणार तुम्ही?"

"तुम्ही पण खेळला असाल. खेळलात ना? मग सोडवा. चरस."

राऊळबाईंचे ओठ नुसते हलले. च गेला. स पुढे आला. त्यांनी हातातलं पेन खाली ठेवलं. "सर," त्या म्हणाल्या. "पण पुडी सापडली होती हो."

"सापडली म्हणूनच तर सगळ्यांची डोकी बंद पडली. पुडी नसती तर तुम्हीच विचारलं असतं, पोरांसाठी लिहिणारी बाई मरताना चरस कशाला म्हणेल?"

"सर दोन आहेत. प्रकाशक आणि जावई."

"मरणारं माणूस उगाच कोडं घालत नाही. मारणारा समोर उभा होता. सरळ नाव घेतलं असतं तर त्याने तेव्हाच फोन हिसकावला असता. म्हणून त्याला कळणार नाही अशा भाषेत सांगितलं. रामचंद्र सर या भाषेत पाहुण्यांना बसा म्हणतात. त्यांच्यासमोर ती बोलून उपयोग काय? प्रज्योत तर त्याच घरात राहायचा, रोज कानावर पडायची. न कळणारा सर एकच आहे."

"तो घरी होता. लेकीबरोबर."

"लेकीबरोबर होता हे खरं. पण लेक सांगतेय की आजी पडली. बघितलं नसेल तर चार वर्षांच्या पोरीला बाहुली पाडून दाखवायला कुणी शिकवलं?"

राऊळबाई उठल्या. "लहान पोर. कोर्टात टिकणार नाही."

"कोर्टात नको," वनमाला म्हणाली. "त्याच्यासमोर टिकलं की झालं. मला दिशाच्या तोंडून पण एक गोष्ट काढायची आहे."

सहा

दुसऱ्या दिवशी सकाळी राऊळबाई धरून चौघं मोठी माणसं त्या फ्लॅटमध्ये बसली. वनमाला मात्र खुर्चीवर बसलीच नाही. ती जमिनीवर हेलीसमोर मांडी घालून बसली आणि म्हणाली, "चजीआ चशीक चडलीप?"

हेलीचा चेहरा उजळला. आजी गेल्यापासून तिच्याशी तिच्या भाषेत कुणी एक शब्द बोललं नव्हतं. ती दोन्ही हात पुढे करून, हवेत जोर लावून म्हणाली, "चप्पाप चकललंढ."

विपुल लेकीकडे बघत होता. इतक्या ठसक्याने बोलताना त्याने तिला कधी पाहिलंच नव्हतं.

"ती लहान आहे," दिशा पटकन म्हणाली. "ढकलणं म्हणजे काय हे तिला कळत तरी का?"

"ढकलण्याचं नाव अजून कुणी काढलंच नव्हतं," वनमाला म्हणाली. "तुम्ही ती भाषा विसरलात ना?"

विपुल वनमालाकडे वळला. "काय म्हणाली ती? मॅडम, हेली काय म्हणाली?"

वनमाला दयाळू बाई नव्हती, पण त्या वेळी तिला वाटलं की हे दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. "चप्पाप म्हणजे पप्पा," ती म्हणाली. "पप्पांनी ढकललं."

विपुल सोफ्यावर बसला. पहिल्यांदा त्याने तो शब्द स्वतःशीच म्हणून पाहिला. "चप्पाप. हे ती रोज बोलते. दाराची बेल वाजवली की बोलते." मग तो रडायला लागला, आणि रडता रडता सगळं सांगून मोकळा झाला.

त्या सकाळी दिशाने त्याला सांगितलं होतं की पोरगी मंद नाही. आईने पुस्तकासाठी जन्मापासून तिच्याशी फक्त उलटं बोलून बोलून तिची ही गत केली होती. विपुल हेलीला घेऊन तसाच वर्सोव्याला गेला. "मी एवढंच म्हणालो, माझ्यासमोर हिच्याशी सरळ बोला. एक शब्द. त्या म्हणाल्या, सर, पोरगी मुकी नाही, तुम्ही बहिरे आहात. मग त्या हेलीशी काहीतरी बोलल्या आणि हेली हसली. दोघी माझ्याकडे बघून हसल्या, मॅडम. माझी पोरगी मला हसली." फोनवर त्या चरस म्हणाल्या तेव्हा त्याला वाटलं, डोक्याला लागलंय, बरळतायत. तरी त्याने फोन काढून घेतला आणि पाण्यात टाकला.

दाराबाहेर थांबलेला हवालदार त्याला घेऊन खाली गेला. जाताना त्याने हेलीला हाक मारली. ती बाहुलीचे केस विंचरत होती.

"तुम्हाला तर चार वर्षं माहीत होतं," वनमाला दिशाला म्हणाली. "नेमकं त्याच सकाळी का सांगितलंत?"

"आदल्या दिवशी आई म्हणाली, पुस्तक झालं. मुखपृष्ठावर हेलीचा फोटो टाकणार म्हणाली." दिशाचा आवाज अजिबात चढला नाही. "ओली म्हणून मी कशी जगले ते मला माहीत आहे."

"आणि दारावरचं कॅलेंडर असं खाली का लावलंय, ते पण माहीत आहे. या माणसाला सांगितलं की काय होईल ते तुम्हाला कळत होतं."

"मी नवऱ्याला घरातली गोष्ट सांगितली. हा गुन्हा आहे का?" तिने राऊळबाईंना विचारलं. राऊळबाईंनी जड मनाने नकारार्थी मान हलवली.

"फोन आला तेव्हाच तुम्हाला सर कळलं होतं. प्रज्योतचा कान फुटेपर्यंत गप्प बसलात."

"मी शब्द सांगितला. अर्थ कुणी विचारलाच नाही." "जीव जात होता तिचा, तरी मला वाचव म्हणाली नाही. कोडं घातलं. तिला खात्री होती की मी सोडवीन आणि धावत येईन. मी सोडवलं, आणि हात धुवायला गेले."

प्रज्योत त्याच संध्याकाळी सुटला. त्या कानाने त्याला अजूनही ऐकू येत नाही, आणि नीलम बाजारात त्याच्या डाव्या बाजूला उभी राहून बोलते. ते पुस्तकही आलं. रामचंद्र सरांनी मुखपृष्ठावरून हेलीचा फोटो हटवला नाही, उलट खाली एक ओळ घातली, लेखिकेचा शेवटचा शब्द काय होता ते आत वाचा. पोरं रांगा लावून घेतात म्हणे. पण हे सगळं नंतरचं.

त्या सकाळी राऊळबाई जिना उतरल्या तेव्हा वनमाला दाराशी चपला घालत होती. मागून हेली आली आणि तिने वनमालाच्या ओढणीचं टोक मुठीत धरलं. आजी गेली होती, पप्पा गेले होते, आणि आई तर ही भाषा तोंडातून काढणारच नव्हती. आता या जगात तिच्याशी बोलणारी ही एकच बाई उरली होती.

"चऊजा चकोन," हेली म्हणाली. मग जरा मोठ्याने, "चऊजा चकोन."

दिशा आतून बघत होती. तिला कळलं होतं. वनमालालाही कळलं होतं.

तिने हेलीची मूठ हळूच सोडवली, काहीच न कळल्यासारखं हसली आणि जिना उतरायला लागली.